तिसऱ्याले रडते

सावद्याच्या नाक्यापासून फर्लांगभर आत माझं गॅरेज.
वैशाखात पाना उचलायलाही चिंधी लागते.
तीनच्या उन्हात मुरलीधर भंगाळे गाडी घेऊन आला,
मागं मृगबागेचा माल, वर ओली पोती.
"तिसऱ्याले रडते रे ती," म्हणाला
आणि चहा सांगायला गेला.

मी चालवून पाहिली.
दुसऱ्यातून काढून तिसऱ्याकडं नेताना
कर्रर्र,
दगडी जात्यात खडा यावा तसं.

दोन जॅक, एक जुना टायर, हाताखाली जुम्मा.
तळाचा बोल्ट सोडला. तेल उतरलं काळंभोर,
आणि मागोमाग वास,
उनपदेवच्या कुंडाशी येतो तसा, गंधकाचा.
बोल्टच्या टोकाच्या चुंबकावर
लोखंडाची मिशी, पिठासारखी.
एवढी असायचीच.
"मग ठीक आहे ना उस्ताद?"
अरे, चुंबक फक्त लोखंडाचं सांगतं.
परात उन्हात नेऊन हलवली
तर तळाशी सोनं लखलखलं,
जळगावच्या सराफानं दुकान झाडून जमवावं तसं.

पितळ होतं ते.

जुम्माला डबा उघडून दाखवला.
दाते बघ, सगळे कायम एकमेकांत.
कुणी कुणाला शोधत नाही इथं.
चाकं शाफ्टवर मोकळी, जो तो आपल्या वेगात.
आपण दांडा ढकलतो तेव्हा ही बाही सरकते
आणि एका चाकाला शाफ्टशी बांधते.
बांधण्याआधी मधलं हे पितळी कडं
चाकाच्या उतरत्या खांद्याला घासतं.
घासतं म्हणून वेग जुळतो.
जुळला की बाही आत, आवाज नाही.

याच्या अंगावर बारीक रेघा असतात.
बोट फिरव.
गुळगुळीत लागतंय ना?
तेच दुखणं.

सायबू तडवींनी मला सांगितलं होतं,
याच जागी, तेव्हा पत्रा नव्हता, कडुनिंब होता:
तेलानं दात्याला घासू द्यायचं नाही
आणि कड्याला घासू द्यायचं,
एकाच डब्यात, एकाच वेळी.
मागच्या धुऱ्याचं तेल मागंच.
तिथं दात्यावर दाता रगडतो, तिथं जहाल औषध लागतं.
तेच इथं ओतलं तर पितळेला धरतं
आणि सुटताना कातडी घेऊन सुटतं.

आणि तरी दिवाळीनंतर
हे तेल मीच भरलं होतं.

भुसावळचा एजंट म्हणाला, चारपेक्षा पाच भारी,
घट्टपणा तोच, ऐंशी-नव्वद,
दराचा फरक किरकोळ.
मला माहीत होतं.
त्या दिवशी चार गाड्या रांगेत होत्या,
उधारी थकली होती, आणि पिंप समोर होतं.
कारणं अशीच असतात, मोजली तर.

भंगाळे चहा घेऊन आला.
म्हटलं, भाऊ, गाडीचा दोष नाही. तेल चुकलं. माझं.
त्यानं कपाकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं.
"मंग पैसे?"
रिंगा माझ्या. तेलही माझंच.
"आन केळी?"

यावर मला उत्तर नव्हतं.
केळीला खोलून ठेवता येत नाही.
फैजपूरहून त्याच्या मेव्हण्याची गाडी आली,
आम्ही तिघांनी घड हलवले,
चिक अंगाला लागला, तो अजून निघालेला नाही.

नव्या रिंगा रात्री बसल्या.
तेल चारचंच, वरच्या भोकातून,
करंगळी वाकवून आत घातली
की टोक भिजेल इतकं, त्याच्यापुढं नाही.
बॅटरीच्या उजेडात ते मधासारखं दिसत होतं.
अकराला भंगाळे स्वतः चालवत
रावेरच्या रस्त्यानं जाऊन आला.
काही बोलला नाही. चावी खिशात टाकली,
पोती घडी करून मागं ठेवली
आणि गेला.

सकाळी जुम्मानं खडूनं
दोन सारख्या पिंपांवर लिहिलं:
एकावर मागचं,
एकावर फुडचं.
शुद्धलेखन मी सुधारलं नाही.
फक्त खडू काढून घेतला,
आणि ऑइलपेंटचा डबा दिला.